रिले ओढताच बोर्ड रिसेट का होतो, आणि त्याचा नेटवर्क्सच्या केटीशी काय संबंध

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. जमिनीतला ओलावा बघून पंप चालू-बंद करणारा प्रोजेक्ट. नोडएमसीयू (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), ओलाव्याचा सेन्सर आणि ५ व्होल्टचा रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच). लॅपटॉपच्या यूएसबीवर सगळं सुरळीत चालतं. पण स्वतः बनवलेल्या सप्लायवर टाकलं की रिले ओढताक्षणी बोर्ड रिसेट होतो, आणि ७८०५ ला, म्हणजे स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला, बोट लावता येत नाही. सप्लायमध्ये ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि ७८०५. त्यात नेटवर्क्सची (सर्किटच्या गणितांच्या विषयाची) केटी, म्हणजे पुन्हा द्यायचा पेपर, राहिलेली, आणि ग्रुपमधले दोघं म्हणताहेत की प्रोजेक्ट रेडीमेडच आणू. कोणी तुला कोड बदलायला सांगितलं, कोणी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यायला.

कोडला सध्या हात लावू नकोस. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तर आणूच नकोस, त्याचं कारण पुढे येईल.

आधी एक चाचणी. 'रिले ओढला की रिसेट' या एकाच लक्षणामागे वेगवेगळी कारणं असतात. पंपाच्या वायरी रिलेच्या कॉन्टॅक्टमधून काढ आणि नुसता रिले टकटक करू दे. तरीही रिसेट होत असेल तर दोष सप्लायचा किंवा कॉइलच्या बाजूचा. पंप जोडल्यावरच होत असेल तर सप्लायला बोल लावू नकोस, तो कॉन्टॅक्टवर उडणाऱ्या ठिणगीचा प्रताप असतो. आणि बोर्ड चालताना नीट चालतो पण लाइट जाऊन आली की सुरूच होत नाही, असं असेल तर रिलेची पिन बघ. नोडएमसीयूच्या डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना ठरावीक पातळीवर असाव्या लागतात. तिथे रिले लावला आणि त्याने पिन चुकीच्या बाजूला ओढून धरली, तर बोर्ड प्रोग्रामच चालू करत नाही. डी१ किंवा डी२ वापर, भानगड मिटते. तू लिहिलंयस की पंप न जोडताही रिसेट होतो, म्हणजे आपलं गिऱ्हाईक सप्लायच आहे.

आता कागद घे. ९ व्होल्ट हा आरएमएस (एसीचा परिणामकारक) आकडा, त्याचा पीक १.४१४ पटीने १२.७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाहतात, त्यांचे १.४ व्होल्ट वजा केले की कपॅसिटरवर उरतात ११.३. इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच थांबतात. ७८०५ ला आउटपुटच्या वर साधारण २ व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुट ७ च्या खाली जाता कामा नये. ११.३ आहे, ७ पाहिजे, भरपूर झालं, असं वाटतं. पण ११.३ हा फक्त शेंडा आहे. दोन शेंड्यांच्या मधल्या वेळात लोडला करंट एकटा कपॅसिटर पुरवतो. आपली लाइन ५० हर्ट्झ, फुल वेव्ह केल्यावर १०० हर्ट्झ, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एकदा तो भरतो. या काळात व्होल्टेज किती उतरेल? करंट गुणिले वेळ, भागिले कपॅसिटन्स.

नोडएमसीयू, सेन्सर आणि रिले मिळून सरासरी १५० मिलिअँप धर. ०.१५ गुणिले ०.०१, भागिले ४७० मायक्रोफॅरड, उत्तर ३.२ व्होल्ट. ११.३ चा तळ ८.१ वर येतो. चालतंय. पण ईएसपी८२६६ (नोडएमसीयूवरची चिप) वाय-फायवर काही पाठवतो त्या क्षणी त्याचा करंट ३०० मिलिअँपच्या घरात उडी मारतो. नेमका तेव्हाच रिले ओढला गेला तर आणखी ७०. सेन्सर आणि एलईडी धरून ४०० म्हण. तोच हिशोब पुन्हा कर: ८.५ व्होल्टची घसरण, तळ २.८! हा वरच्या अंगाने धरलेला अंदाज आहे, कारण कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नसतो, थोडा आधीच भरायला लागतो. पण दोन व्होल्ट सोडून दिले तरी ७ कुठे आणि ५ कुठे. ७८०५ चं आउटपुट इनपुटच्या मागोमाग खाली येतं. बोर्डवर ५ वरून ३.३ करणारा जो छोटा रेग्युलेटर आहे त्याला स्वतःचा सव्वाएक व्होल्ट लागतो, म्हणजे ५ ची लाइन साडेचारच्या खाली गेली की ३.३ ढासळायला लागतं आणि चिप रिसेट होते. दिवसभर ठीक चालून मध्येच एकदा का होतो, हेही यातूनच कळतं. वाय-फाय आणि रिले यांची गाठ पडेल तेव्हाच तो होणार.

याच्या जोडीला ट्रान्सफॉर्मर. ५०० मिलिअँप हे त्याच्यावर छापलेलं एसीचं रेटिंग. ब्रिज आणि कपॅसिटर लावला की ट्रान्सफॉर्मर सतत करंट देत नाही, शेंड्याजवळ छोटे पण मोठाल्या उंचीचे झटके देतो. त्यांचा आरएमएस डीसी करंटच्या १.६ ते १.८ पट निघतो. म्हणजे ५०० च्या ट्रान्सफॉर्मरकडून डीसी मागायचा तो ३०० मिलिअँपच्या आतच. हे दुकानदार सांगत नाही, आणि बरेच सरही सांगत नाहीत.

आता ७८०५ च्या गरम होण्याचं. इनपुट सरासरी १०, आउटपुट ५, करंट ०.२ अँप, म्हणजे त्यात १ वॉट जळतो. हीटसिंक नसलेल्या ७८०५ चा आतला चिप हवेपेक्षा दर वॉटला साधारण ६५ अंशांनी जास्त तापतो. खोली ३५ अंश असेल तर चिप १०० अंशांवर. बोट लागणार नाहीच, पण तो बिघडलेला नाही, त्याला हे सोसतं. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणलास की इनपुट सरासरी १४ च्या आसपास जाईल, जळणारी पॉवर १.८ वॉट, चिप दीडशे अंशांवर, आणि तिथे ७८०५ आतूनच स्वतःला बंद करतो. थंड झाला की परत चालू. म्हणजे लक्षण जसंच्या तसं राहणार, कारण मात्र बदलणार, आणि तुम्ही चौघं पुन्हा कोड तपासत बसणार.

उपाय साधा आहे. ९ व्होल्ट १ अँपचा ट्रान्सफॉर्मर, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ७८०५ ला स्क्रूने बसणारा छोटा हीटसिंक. ४०० मिलिअँपला घसरण आता १.८ व्होल्ट, तळ साडेनऊ. काढलेला ४७० चा कपॅसिटर फेकू नकोस, तो नोडएमसीयूच्या व्हिन (सप्लाय आत घेणारी पिन) आणि ग्राउंडच्या अगदी जवळ लाव. ७८०५ च्या पायांजवळ इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डेटाशीटमध्ये दाखवलेले असतात, ते शोभेचे नाहीत. पुण्यात असशील तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. ट्रान्सफॉर्मर मात्र हातात घेऊन बघ: '१ अँप' छापलेला आणि वजनाला तुझ्या ५०० मिलिअँपवाल्याइतकाच असेल तर परत ठेव.

एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज स्विचिंगने उतरवणारं) लावलं तर उष्णतेचा प्रश्नच उरत नाही, आणि ५ व्होल्ट २ अँपचा चांगला अडॅप्टर घेतला तर हा सगळा खटाटोपच नको. माझ्या कामात मी अडॅप्टरच वापरला असता. पण तू विद्यार्थी आहेस, आणि सप्लाय प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दाखवणार आहेस, म्हणून आधी हाच दुरुस्त कर.

माझ्या हिशोबावरही विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. मल्टिमीटरने हे दिसत नाही. तो सेकंदाला दोन-तीनदा आकडा दाखवतो आणि तोही सरासरीचा, त्यामुळे काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला कळतच नाही. लॅबमध्ये डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) असेलच. बहुधा कपाटात कुलूपबंद असेल, तर लॅब असिस्टंटना गोड बोलून काढायला लाव. चॅनल १ मोठ्या कपॅसिटरवर, चॅनल २ थेट नोडएमसीयूच्या व्हिन पिनवर, दोन्ही डीसी कपलिंगला. ट्रिगर चॅनल २, उतरती कड, पातळी ४.५ व्होल्ट, मोड सिंगल, टाइमबेस १० मिलिसेकंद. मग रिले चालू कर. रिसेट झाला की चित्र गोठलेलं मिळेल. चॅनल १ चा तळ ७ च्या खाली गेलेला दिसला तर वरचा सगळा हिशोब खरा. चॅनल १ व्यवस्थित ९ च्या वर आहे आणि तरी व्हिनवर खड्डा आहे, तर दोष मधल्या जंपर वायरींचा किंवा ब्रेडबोर्डचा. जाता जाता: पुष्कळ ब्रेडबोर्डांची लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते, आणि अर्धा बोर्ड सप्लायविना राहिलाय हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

डीएसओ नाहीच मिळाला तर जुना सीआरओ (नळीचा ऑसिलोस्कोप) घे आणि मोठ्या कपॅसिटरवर करवतीच्या दात्यांसारखी रिपल, म्हणजे व्होल्टेजची चढउतार, बघ. दोन दात्यांमधलं अंतर १० मिलिसेकंद असायला हवं. २० आलं, म्हणजे ५० हर्ट्झ, तर ब्रिजमधला एक डायोड उघडा आहे किंवा ड्राय सोल्डर आहे. निम्म्या प्रोजेक्टांत हे असं असतं आणि सप्लाय 'चालतो' म्हणून कोणी बघत नाही.

रिले मॉड्यूल न घेता सुटा रिले लावला असशील तर दोन गोष्टी. शुगर क्यूब रिलेची ५ व्होल्टची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे करंट ७० मिलिअँपच्या वर. ईएसपीची पिन १२ मिलिअँपची. मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिअँप, तो कसाबसा चालतो, बीसी३३७ निवांत चालतो. बेसला १ किलोओहम. आणि कॉइलला उलटा १एन४००७, पांढरा पट्टा ५ व्होल्टकडे. कॉइलचा करंट एकदम तोडला की ती तो वाहता ठेवायला धडपडते आणि ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मोठं व्होल्टेज उभं करते. डायोड त्या करंटला घरच्या घरी फिरायला वाट देतो. तो विसरला तर रिले *सुटताना* रिसेट होतो, ओढताना नाही. हा फरक लक्षात ठेव, निदान करताना फार उपयोगी पडतो.

आता केटीचं. नेटवर्क्स आणि प्रोजेक्ट हे दोन वेगळे ताप आहेत असं तुला वाटतंय. तू आत्ता जे भोगतेयस ते थेवेनिनचं प्रमेयच आहे. गावाकडे शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो ना? मोटारीचा सुरुवातीचा करंट लाइनच्या रेझिस्टन्समधून जातो आणि तेवढं व्होल्टेज वाटेत पडतं. बल्बच्या जागी तुझा नोडएमसीयू आणि मोटारीच्या जागी रिले ठेव. कुठलाही सप्लाय बाहेरून बघितला तर एक आदर्श व्होल्टेज आणि त्याच्या सीरिजमध्ये एक रेझिस्टन्स, एवढाच दिसतो. लेऑं शार्ल थेवेनिन हा फ्रान्सच्या तार खात्यातला इंजिनिअर. त्याने १८८३ मध्ये हे मांडलं, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने त्याआधी १८५३ मध्येच. दोघांनाही तुमच्या पेपरातले सात रेझिस्टर आणि दोन बॅटऱ्यांचं जाळं सोडवण्याची हौस नव्हती. आत काय आहे ते न उघडता बाहेर काय होईल हे त्यांना सांगायचं होतं.

तुझ्याच सप्लायवर हे करून बघ. ७८०५ काढून ठेव. मोठ्या कपॅसिटरवर काही न जोडता व्होल्टेज मोज. समज १३.४ आलं. ११.३ नाही, कारण बिनलोडचा छोटा ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा बराच जास्त देतो. आता ४७ ओहमचा रेझिस्टर लाव, ५ वॉटचा. पाव वॉटचा लावलास तर धूर निघेल. समज १०.६ आलं. करंट झाला १०.६ भागिले ४७, म्हणजे ०.२२५ अँप. पडलेलं व्होल्टेज २.८. भागाकार कर: साडेबारा ओहम. हा तुझ्या सप्लायचा थेवेनिन रेझिस्टन्स, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, डायोड, रिपल सगळं धरून. यावरून ४०० मिलिअँपला सरासरी व्होल्टेज किती राहील ते आधी कागदावर काढ: साधारण ८.४. शिवाय रिपलचा अर्धा भाग त्याच्याही खाली जाणार. मग २२ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर लावून पडताळ. आकडा थोडा चुकेल, कारण डायोड आणि कपॅसिटरचं सर्किट रेषीय नाही आणि साडेबारा ओहम हे त्या करंटच्या आसपासच खरं. किती चुकला आणि कुठल्या बाजूला चुकला, हे रिपोर्टमध्ये लिही. एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला) असं पान सहसा बघायला मिळत नाही.

पेपरापुरतं बोलायचं तर मेश आणि नोडल (लूप आणि जोडबिंदूंवरून समीकरणं मांडायच्या पद्धती) पक्कं कर, बाकी प्रमेयं त्यावरच उभी आहेत. मुलांचे मार्क गणित न आल्यामुळे जात नाहीत, चिन्हांमुळे जातात. लूपची दिशा एकदा ठरवली की उत्तर उणे आलं तरी मध्येच बदलायची नाही. उणे म्हणजे करंट उलट दिशेला, इतकंच. थेवेनिन रेझिस्टन्स काढताना व्होल्टेज सोर्स शॉर्ट, करंट सोर्स ओपन, हे पाठ असतं, पण डिपेंडंट सोर्स (ज्याची किंमत सर्किटमधल्या दुसऱ्या करंट-व्होल्टेजवर ठरते) तसाच ठेवायचा असतो हे हमखास विसरतात. तो असेल तर टर्मिनलला १ व्होल्टचा सोर्स लावून आत किती करंट जातो ते काढ. प्रत्येक गणित सुटलं की सगळ्या रेझिस्टरांत जळणारी पॉवर आणि सोर्सनी दिलेली पॉवर यांची बेरीज जुळव. जुळली तर उत्तर बहुधा बरोबर, गाइड उघडायची गरज नाही. ही सवय मला उत्तरसूचीपेक्षा कितीतरी जास्त भरवशाची वाटते.

सिम्युलेशन जरूर कर. एलटीस्पाइस फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम तर मुक्त स्रोत आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही मिळतात. फक्त आधी कागदावर उत्तर, मग सिम्युलेशन. उलट केलंस तर स्क्रीनवर येईल ते खरं वाटायला लागतं. त्यात ट्रान्सफॉर्मरच्या जागी आदर्श सोर्स टाकलास तर तुझा रिसेट तिथे कधीच दिसणार नाही. त्याच्या सीरिजमध्ये ५–६ ओहम टाक, मग बघ. तयार उत्तर देणारी साधनं आता फोनवरच आहेत. त्यांना गणित सोडवायला सांगण्यापेक्षा स्वतः सोडवलेल्यात चूक कुठे आहे ते विचार.

रेडीमेड प्रोजेक्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. नीतिमत्तेचा भाग तुमच्या सरांवर सोडतो. व्यवहाराचं सांगतो. मी ओरलला एक्स्टर्नल म्हणून बसतो तेव्हा बोर्डवरच्या एका भागावर बोट ठेवून विचारतो, 'हा काढला तर काय होईल?' विकत आणलेल्या प्रोजेक्टवाल्यांना ते सांगता येत नाही, आणि चालत असलेला प्रोजेक्ट त्यांच्या काही कामाला येत नाही. तुझा सप्लाय रिसेट होत होता, तो का होत होता आणि कसा बंद केला, एवढं तू डीएसओच्या फोटोसकट सांगितलंस तर मी पुढचा प्रश्न विचारणार नाही.

पंप २३० व्होल्टचा असेल तर एवढं वाचल्याशिवाय जोडू नकोस. त्या रिलेवर '१० ए २५० व्हीएसी' लिहिलेलं असतं, ते हीटर किंवा बल्बसारख्या लोडसाठी. अर्ध्या एचपीची मोटार चालताना ३–४ अँप घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि मग प्रोग्रामने रिले सोडला तरी पंप चालूच राहतो. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटारीसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालव आणि कॉन्टॅक्टरने मोटार. त्या कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी) लाव, कपॅसिटर एक्स२ (मेन्सवर लावायच्या) दर्जाचाच. फेजमध्ये फ्यूज, बोर्डवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), मोटारीच्या बॉडीला अर्थिंग. २३० ची बाजू ब्रेडबोर्डवर नकोच, आणि सेन्सरची वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपात टाकू नकोस. डीएसओच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती फेजला लागली तर सरळ शॉर्ट, आणि लॅबचा एकुलता एक डीएसओ गेला. त्या बाजूचं काही मोजायचं असेल तर सरांना उभं करूनच.

आधी पंपाशिवाय मोज आणि मला तीन आकडे कळव: बिनलोडचं व्होल्टेज, ४७ ओहमवरचं व्होल्टेज, आणि रिले ओढताना व्हिनवरचा सगळ्यात खालचा तळ. सोबत हाताने काढलेली सर्किट डायग्राम पाठव, ब्रेडबोर्डचा फोटो नको. त्या वायरींच्या गुंत्यातून मला काही कळत नाही.